लढाई बादशहाने जिंकली, कागद कंपनीने!

१७०७ साली मेलेल्या औरंगजेब बादशहाच्या कबरीवरून १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल पेटली. ज्या नगरीत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्याच नगरीत संचारबंदी लागली. कबर खुलताबादला, दगडफेक नागपुरात आणि चर्चा आमच्या यवतमाळपासून उमरखेडपर्यंत प्रत्येक पानटपरीवर! त्याच्या महिनाभर आधी 'छावा' हा चित्रपट पडद्यावर आला होता, त्यामुळे तापलेल्या तव्यावर पोळी भाजून घेणाऱ्यांची सोय झाली. अशा दंगलीत गुन्हे कोणाच्या पोरांवर दाखल होतात आणि जामिनासाठी न्यायालयाच्या व्हरांड्यात कोणाच्या आया दिवसदिवस बसून राहतात, हे वकिली करणाऱ्या आम्हाला वेगळे सांगण्याची गरज नाही. ती पोरे बहुतकरून बहुजनांची आणि गरीब मुसलमानांची असतात. चिथावणी देणाऱ्यांची पोरे त्या वेळी पुण्या-मुंबईत नाही तर परदेशात शिकत असतात.

आम्ही औरंगजेबाचे वकीलपत्र घेतलेले नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. त्याने सख्ख्या भावाला, दारा शुकोहला, ठार केले. १६७५ साली शिखांचे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद करविला. १६७९ साली जिझिया पुन्हा लादला. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा हालहाल करून वध केला. अशा माणसाचा गौरव करण्याचे आम्हा बुद्धाच्या अनुयायांना काहीही कारण नाही. पण त्याच्या नावाने आज जो इतिहास गळी उतरविला जात आहे, तो सोयीपुरता कापलेला इतिहास आहे. त्यातून एक संपूर्ण युद्ध वगळलेले आहे. ते युद्ध आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीवर, मुंबई बेटावर झाले. संभाजी महाराजांचा वध झाला त्याच वर्षी झाले. एका बाजूला औरंगजेब होता आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी. हे युद्ध हिंदू-मुसलमानाच्या साच्यात बसत नाही, म्हणून ते कोणी सांगत नाही. चळवळीच्या माणसाने मात्र ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

प्रथम हकीकत पाहू. सुरत हे त्या काळी मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. वऱ्हाड-खानदेशच्या मालाची वाट बुऱ्हाणपूरवरून सुरतेलाच जात असे. जहांगीर बादशहाच्या काळात कंपनीने तेथे वखार घातली. पुढे पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई मिळाली आणि १६६८ साली राजाने ती कंपनीला वर्षाला अवघ्या १० पौंड भाड्याने देऊन टाकली. मुंबईच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, कुणब्यांना कोणी विचारले नाही. बेट दिले, बेटावरची माणसेही दिली! गावाबरोबर गावचा महार देण्याची रीत ज्यांनी भोगली, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

कंपनीचा धंदा वाढला तसा तिचा तोराही वाढला. बंगालमध्ये जकातीवरून मोगल अधिकाऱ्यांशी तिची भांडणे सुरू झाली. कंपनीचे म्हणणे असे की, आम्हाला सवलत आहे. सुभेदाराचे म्हणणे असे की, माल विकता तर जकात भरा. लंडनमध्ये सर जोसाया चाइल्ड नावाचा धनाढ्य व्यापारी कंपनीचा सर्वेसर्वा होता. विनवण्या करून काम भागत नाही, आता तलवार उपसली पाहिजे, असे त्याने ठरविले. इंग्लंडच्या राजाची परवानगी घेऊन १६८६ साली आरमार बंगालकडे रवाना झाले. व्यापारी कंपनीने जगातील एका बलाढ्य साम्राज्याविरुद्ध पुकारलेले हे युद्ध इतिहासात 'चाइल्डचे युद्ध' म्हणून ओळखले जाते. हुगळीत चकमकी झाल्या, बालासोर बंदर जाळले गेले. पण कंपनीच्या हाती काही लागले नाही. जॉब चार्नॉक या तिच्या प्रमुखाला बंगाल सोडून मद्रासेला जावे लागले.

पश्चिम किनाऱ्यावर कंपनीचा कारभारी होता सर जॉन चाइल्ड. सुरतेचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर तोच. त्याने समुद्रात मोगल व्यापाऱ्यांची जहाजे पकडण्याचा सपाटा लावला. त्यात धान्याने भरलेली जहाजेही होती आणि ते धान्य जंजिऱ्याच्या सिद्दीच्या सैन्यासाठी चालले होते. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशांचे वंशज. त्यातले कित्येकांचे पूर्वज गुलाम म्हणून या देशात आले आणि पराक्रमाच्या जोरावर मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे मालक झाले. औरंगजेबाकडे स्वतःचे असे आरमार नव्हते. सिद्दीचे आरमार हेच बादशाही आरमार, आणि त्याचा पगार सुरतेच्या महसुलातून चुकता होत असे. सिद्दी याकूतखानाने चाइल्डला निरोप पाठविला की, जहाजे सोड, नाही तर मुंबईत येतो. चाइल्डने अत्यंत अशिष्ट भाषेत त्याला उडवून लावले.

फेब्रुवारी १६८९ मध्ये सिद्दी रात्रीच्या अंधारात शिवडीला उतरला. त्या काळात मुंबईत असलेला अलेक्झांडर हॅमिल्टन हा स्कॉटिश दर्यावर्दी त्याच्या फौजेचा आकडा २०,००० सांगतो. माझगावचा किल्ला इंग्रजांनी न लढताच सोडला आणि शस्त्रे व खजिना तिथेच टाकून पळ काढला. माहीम गेले. डोंगरीच्या टेकडीवर सिद्दीच्या तोफा चढल्या. शेवटी कंपनीच्या हाती उरला फक्त कोट आणि त्याच्या भोवतालची जागा. वर्षभराहून अधिक काळ कंपनी त्या कोटात कोंडून पडली. तिकडे सुरतेत कंपनीची माणसे कैदेत होती.

आता एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. हॅमिल्टन लिहितो की, या वेढ्यात कंपनीच्या बाजूने ३,००० मराठे शिपाई पगारावर लढत होते. त्यांना तो 'शिवाजीचे लोक' अशा अर्थाच्या नावाने ओळखतो. त्यांच्यामुळे कोटात धान्याची टंचाई झाली, अशी तक्रारही करतो. म्हणजे चित्र काय दिसते? मुसलमान बादशहाच्या बाजूने आफ्रिकी वंशाचा सरदार, ख्रिस्ती कंपनीच्या बाजूने मराठे शिपाई, आणि दोघांच्या मध्ये भरडलेले मुंबईचे कोळी, भंडारी, कुणबी. कंपनीची जी माणसे तह करायला बादशहाकडे गेली, त्यांतला एक अब्राहम नवारो हा ज्यू होता. यात हिंदू-मुसलमान युद्ध शोधून दाखवावे! लढणारे पोटासाठी लढत होते आणि लढविणारे महसुलासाठी.

कंपनीचा दम निघाला. डिसेंबर १६८९ च्या सुमारास जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवारो हे दोघे बादशहाच्या छावणीकडे निघाले. हॅमिल्टनच्या सांगण्याप्रमाणे त्यांना हात पुढे बांधून दरबारात आणले गेले आणि लोटांगण घालावे लागले. त्यांनी अपराध कबूल केला आणि दोन गोष्टी मागितल्या. काढून घेतलेले फर्मान, म्हणजे व्यापाराचा बादशाही परवाना, पुन्हा द्यावा आणि सिद्दीला मुंबईतून परत बोलवावे. फेब्रुवारी १६९० मध्ये फर्मान निघाले. त्यात बादशहाची भाषा मोठी ऐटीची होती. इंग्रजांनी नम्रपणे क्षमा मागितली म्हणून त्यांना माफी देण्यात येत आहे. त्यांनी दीड लाख रुपये दंड भरावा, व्यापाऱ्यांचा लुटलेला माल परत करावा, पुन्हा असे वागू नये आणि चाइल्डला हाकलून द्यावे. चाइल्डला हाकलण्याची गरजच पडली नाही, त्याच महिन्यात तो मुंबईत मेला. जून १६९० मध्ये सिद्दी माझगावचा किल्ला जाळून निघून गेला. मागे साथीचा रोग राहिला. युद्धात मेले त्याहून अधिक लोक त्या रोगाने मारले, असे हॅमिल्टनने नोंदविले आहे.

दरबारात जयजयकार झाला असेल. टोपीकर नाक घासत आले, बादशहाचा विजय झाला! पण आता त्या कागदाकडे वकिलाच्या नजरेने पाहू. मुंबई कोणाकडे राहिली? कंपनीकडे. कोट कोणाकडे राहिला? कंपनीकडे. तोफा, गलबते, दारूगोळा ठेवण्यावर बंदी आली काय? नाही. व्यापाराचा परवाना रद्द झाला काय? उलट तो परत मिळाला. मग कंपनी हरली कशात? दीड लाख रुपयांत आणि एका मेलेल्या माणसात! आमच्या वकिलीच्या भाषेत सांगायचे तर, दावा बादशहाने जिंकला आणि हुकूमनाम्याची भाषा कंपनीच्या फायद्याची झाली.

बादशहाने असे का केले? तो भोळा नव्हता. त्याची कारणे आजच्या राज्यकर्त्यांच्या कारणांसारखीच होती. एक, सुरतेची जकात बुडत होती. दोन, हजला जाणाऱ्या जहाजांची वाट समुद्रातून जात होती आणि समुद्रावर त्याचा ताबा नव्हता. तीन, युरोपचे व्यापारी कापड विकत घ्यायला चांदी आणीत. ती सुरतेच्या टाकसाळीत वितळून तिचा रुपया होई आणि त्या रुपयात शेतकऱ्याकडून सारा वसूल केला जाई. चांदी थांबली की छावणीचा पगार थांबला. चार, मराठ्यांशी युद्ध चालूच होते. संभाजी महाराजांना मारून स्वराज्य संपेल असे त्याला वाटले होते, ते संपले नाही. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले होते. म्हणून त्याने हिशेब केला की, मराठ्यांशी लढत राहू आणि व्यापाऱ्याशी मिटवून घेऊ. घरच्या रयतेवर तलवार आणि परक्या व्यापाऱ्याला माफी! त्याचा जो काही अन्याय मोजायचा असेल त्यात हाही मोजला पाहिजे. पण हा कोणी मोजत नाही, कारण तो मोजला तर बोट आजच्या राज्यकर्त्यांकडेही वळते.

पुढे काय झाले ते पाहावे. सिद्दी मुंबईतून गेला जूनमध्ये, आणि त्याच वर्षी २४ ऑगस्ट १६९० रोजी जॉब चार्नॉक हुगळीकाठी सुतानुटीला परत येऊन उतरला. त्या जागी कलकत्ता उभे राहिले. १६९१ साली बंगालमध्ये वर्षाला फक्त ३,००० रुपये घेऊन कंपनीची जकात माफ झाली. जकातीवरूनच तर युद्ध पेटले होते! जे तोफांनी मिळाले नाही ते अर्जाने मिळाले. १७१७ साली फर्रुखसियर बादशहाने तीच सवलत फर्मानाने पक्की केली आणि सुरतेलाही १०,००० रुपयांत जकातमाफी दिली. या सवलतीच्या गैरवापरावरून बंगालच्या नवाबाशी भांडण विकोपाला गेले आणि त्याचा शेवट १७५७ साली प्लासीला झाला. १७५९ साली सुरतेचा किल्ला कंपनीने घेतला आणि सिद्दीला मिळणारी आरमाराची नेमणूक मोगल सनदेने कंपनीच्या नावावर झाली. ज्या आरमाराने कंपनीला कोटात कोंडले होते, त्याच आरमाराचा पगार कंपनी खाऊ लागली! आणि १२ ऑगस्ट १७६५ रोजी औरंगजेबाचा खापरपणतू शाह आलम याने वर्षाला २६ लाख रुपयांच्या मोबदल्यात बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, कंपनीला लिहून दिला. लोटांगणापासून दिवाणीपर्यंत अवघी ७५ वर्षे लागली. यातल्या बहुतेक पायऱ्या कागदाच्या आहेत.

आमचे वऱ्हाडसुद्धा असेच गेले. १५९६ साली चांदबिबीच्या अहमदनगरकडून अकबराने वऱ्हाड घेतले. 'आईने अकबरी'त यवतमाळचा परगणा लोहाऱ्याच्या नावासह नोंदलेला आहे आणि कळंब हे तर सरकारचे, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्याचे, ठिकाण होते. १७२४ साली बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाकडे गेले. निजामाने कंपनीची फौज आपल्या खर्चाने पोसायचे कबूल केले, त्या फौजेच्या खर्चाचे कर्ज झाले, आणि १८५३ साली कर्जापोटी वऱ्हाड कंपनीला लिहून दिले. यवतमाळ घेण्यासाठी कंपनीला कुणाशी लढावे लागले नाही. सावकाराचे गहाणखत असावे तसा तह झाला. १९०२ साली तर वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने ते इंग्रज सरकारकडे कायमचे गेले. मग कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर छोटी रेल्वे आली. आपण प्रेमाने जिला 'शकुंतला' म्हणतो, ती स्वातंत्र्यानंतरही किती वर्षे खासगी कंपनीच्या मालकीची राहिली, हे जिल्ह्यातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. देश स्वतंत्र झाला, पण करार चालूच राहिला!

बाबासाहेबांनी हे सगळे कितीतरी आधी ओळखले होते. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार हा होता. वयाच्या चोविसाव्या वर्षी एका अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्याने कंपनीच्या लढायांऐवजी तिच्या हिशेबाच्या वह्या वाचायला घेतल्या, यातच त्यांची दृष्टी दिसते. जमिनीचा सारा किती, मिठाचा कर किती, लोकोपयोगी कामांवर खर्च किती आणि कंपनी बुडाल्यावर तिचे कर्ज भारतीय जनतेच्या डोक्यावर कसे आले, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. तलवारीच्या गोष्टी सांगणारे इतिहासकार पुष्कळ होते. बाबासाहेबांनी पावत्या तपासल्या.

येथे एक प्रश्न आपले विरोधक नेहमी उकरून काढतात. तुमचे महार तर कंपनीच्याच फौजेत होते ना? होय, होते. आणि बाबासाहेबांनी ते लपविले नाही. कंपनीच्या सैन्यात अस्पृश्य होते, १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार सैनिक लढले, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पेशवाईत ज्यांना माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांनी जिथे हातात बंदूक आणि अंगावर गणवेश मिळाला तिथे जाणे पसंत केले. १६८९ साली कंपनीच्या पगारावर लढलेल्या ३,००० मराठ्यांना कोणी देशद्रोही म्हणत नाही, मग कोरेगावच्या महारांनाच का म्हणावे? पण आपणही नीट लक्षात ठेवावे की, कंपनीचे आपल्यावर प्रेम नव्हते. त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. कोरेगावचा स्तंभ उभा राहिला, पण भरतीचा हक्क कोठेही लिहून घेतलेला नव्हता. गोपाळबाबा वलंगकरांना आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांना अर्जामागून अर्ज करावे लागले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. रक्त आपले सांडले, कागद मात्र त्यांच्याकडेच राहिला.

औरंगजेबाने जिंकून घालविले ते बाबासाहेबांनी कधीच घालविले नाही, याचे उदाहरण महाड आहे. जंजिऱ्यापासून ते काही फार दूर नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून अस्पृश्यांनी आपला हक्क बजावला. दुसरा कोणी पुढारी असता तर विजयी सभा घेऊन घरी गेला असता. सवर्णांनी त्याच वर्षी डिसेंबरात दिवाणी दावा लावला आणि मनाईहुकूम आणला. बाबासाहेब तो दावा खालच्या कोर्टापासून लढले. १९३१ साली निकाल आपल्या बाजूने लागला, सवर्ण अपिलात गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्यावरचा आपला हक्क मान्य केला. एका दिवसाच्या सत्याग्रहामागे दहा वर्षांचा दावा! तळ्यावर मिळविलेला विजय कागदावर पक्का झाल्याशिवाय त्यांनी तो संपला असे मानले नाही. तारीख पाहा, १७ मार्च. त्याच तारखेला ८८ वर्षांनी नागपूरच्या रस्त्यावर पोरांच्या हाती दगड होते.

आता आपल्या घरात डोकावू. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आपल्या माणसांनी, आयाबहिणींनी कडेवर लेकरे घेऊन तुरुंग भरले. त्या लढ्याच्या रेट्यामुळेच पुढे गायरान जमिनी कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय निघाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे त्यात घेतली. विजय झाला, मिरवणुका निघाल्या. पण किती जणांच्या नावाचा सातबारा झाला? आमच्या जिल्ह्यात अशी घरे आहेत, जिथे आजोबाने गायरान फोडले, बापाने कसले, नातू आजही कसतो आहे, आणि सातबाऱ्यावर अजून सरकारचेच नाव आहे. दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत उंदराने खाल्ल्या. पेऱ्याची नोंद लावून घेतली नाही. तहसीलला अर्ज दिला, त्याची पोच घेतली नाही. तलाठ्याने टाळले आणि आपणही जयंतीच्या तयारीत ते विसरलो.

त्याचे परिणाम आज भोगावे लागत आहेत. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. तो निकाल दाखवून आपल्या माणसांना नोटिसा दिल्या जातात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या निर्णयाने दिलेल्या जमिनींबाबत अपवादाची वाट ठेवलेली आहे. ती ओळ वाचली कोणी? नोटीस देणारा अधिकारी ती वाचून दाखविणार नाही. ती आपणच दाखवावी लागेल, आणि दाखविण्यासाठी हातात १९९० पूर्वीचा पुरावा लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आमच्या जिल्ह्यातील कोलाम, गोंड बांधवांचे दावे पुराव्याअभावी अडतात, त्याचेही कारण हेच आहे.

आणि ज्यांना हे फक्त महार-मांग-कोलामांचे प्रश्न वाटतात, त्या कुणबी शेतकरी बांधवांनीही ऐकावे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली आणि परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले. दहा दिवसांनी ती माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविली. सरकारने सांगितले की, अमेरिकेने लादलेल्या शुल्कामुळे कापडगिरण्या अडचणीत आहेत. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. पण यवतमाळचा कापूस घरी केव्हा येतो? दसरा-दिवाळीला वेचणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत गाड्या बाजारात लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत परदेशी गाठींसाठी दार उघडले गेले. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर होता, आणि बाजाराचा भाव पाडणारी अधिसूचनाही कागदावरच होती. ज्या जिल्ह्याचे नाव देशाला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ठाऊक झाले, त्या जिल्ह्यात त्या चार ओळींवर किती मोर्चे निघाले? मार्चमध्ये कबरीवर बोलणारे ऑगस्टमध्ये जकातमाफीवर गप्प का होते? १६९१ साली बादशहाने व्यापाऱ्याची जकात माफ केली तेव्हाही रयतेला कोणी विचारले नव्हते. फरक एवढाच की, तेव्हा रयतेच्या हाती मत नव्हते आणि संविधानही नव्हते.

म्हणून चळवळीतील तरुणांना आमचे सांगणे आहे. कबर उखडायला बोलावणारा आणि कबर वाचवायला बोलावणारा, दोघांच्याही हाती तुमच्या शेताचा सातबारा नाही, तुमच्या शिष्यवृत्तीची यादी नाही, तुमच्या कापसाचा भाव नाही. औरंगजेबाशी तुमचे भांडण असेलच, तर त्याची चूक तुम्ही करू नका. त्याने शत्रूला लोटांगण घालायला लावले आणि कागदात सर्व काही देऊन टाकले. आपण मोर्चे काढतो, निवेदन देतो, साहेबाबरोबर फोटो काढतो आणि निवेदनाचे पुढे काय झाले ते विचारत नाही. निवेदन देताना कलेक्टर उभे राहिले, एवढ्यावर आपण खूश होतो. हेही दरबारातले लोटांगण पाहून खूश होण्यासारखेच आहे.

काम कठीण नाही. प्रत्येक गावच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदनेनंतर एक तास कागदांचा ठेवावा. ज्याच्या घरी जुनी पावती, नोटीस, सातबारा, जातीचा दाखला, वनहक्काचा अर्ज असेल त्याने तो घेऊन यावा. शिकलेल्या पोरांनी तो मोठ्याने वाचून दाखवावा, त्याच्या झेरॉक्स काढाव्यात, माहितीच्या अधिकाराखाली काय मागायचे ते ठरवावे. २००५ पासून हा अधिकार आपल्या हातात आहे. तालुक्याला एक तरी वकील असा असावा की जो फी न घेता हे कागद पाहील. आमच्या व्यवसायबंधूंना ही विनंती आहे आणि आमच्यापुरते आम्ही ते कर्तव्यच मानतो. बाबासाहेबांनी बॅरिस्टर होऊन महाडचा दावा दहा वर्षे चालविला, त्या पुण्याईवर आज आपण काळा कोट घालतो.

बाबासाहेबांनी आपल्याला जे सर्वांत मोठे शस्त्र दिले तेही एक लिखित दस्तऐवजच आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या त्या संविधानाची पूजा पुष्कळ झाली, आता त्याची कलमे पाठ झाली पाहिजेत. खुलताबादच्या कबरीत शेवटी मातीच आहे. आपल्या पोराबाळांचे पुढचे आयुष्य तहसील कचेरीच्या फडताळात धूळ खात पडले आहे. सोमवारी कचेरी उघडते. अर्ज घेऊन जा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

जय भीम!